खोड सांगून

गुरांचा बाजार बंद झाल्याचं फाटकावर पोचल्यावरच कळलं. फाटकाला साखळी होती, आत जमिनीवर चुन्याची जाड रेघ ओढली होती आणि रबरी बूट घातलेला एक माणूस येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होता. खुरांचा रोग आलाय. पुढचं कळेपर्यंत जनावर आत नाही, बाहेर नाही. घरी न्या.

दोन-चार जण त्याच्याशी भांडले. पारखी भांडला नाही. त्याने दोन वासरं, एक म्हातारा बैल आणि तांबडी गाय पुन्हा रस्त्याला लावली आणि आल्या वाटेने मागे फिरला.

पारखी हे त्याचं खरं नाव नव्हतं, पण आता खरं नाव पोस्टमनलाही आठवत नसे. खंगलेली जनावरं स्वस्तात घ्यायची, खाऊपिऊ घालून उभी करायची आणि बाजारात विकायची हा त्याचा धंदा. जनावराच्या तोंडात बोट घालून वय सांगायचा, चालीवरून खुराचं दुखणं सांगायचा. फक्त विकताना यातलं काही सांगायचा नाही.

ऊन वर आलं तशी तांबडी मागे पडू लागली. आदल्या दिवसापासून तिची धार काढलेली नव्हती. धंद्यात सगळेच असं करतात. गिऱ्हाईक आधी कास बघतं, मग बाकीची गाय. बाजार भरला असता तर सकाळीच विकली गेली असती आणि घेणाऱ्याने घरी नेऊन पिळली असती. आता ती मागचे पाय फाकवून चालत होती आणि प्रत्येक पावलाला तुंबलेली कास मांडीला घासत होती. रस्त्यात धार काढायला भांडं नव्हतं. जमिनीवर दूध सांडायचं त्याच्या मनाला येईना.

आक्का गोठ्याच्या दारातच उभी होती. ही त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यावर भावाकडे आली ती गोठ्याची होऊन राहिली. तिने लांबूनच गाईची चाल बघितली आणि आत जाऊन पाणी तापत ठेवलं.

"बाजार बंद आहे," पारखी म्हणाला.

"बाजार बंद आहे म्हणून धार काढणंही बंद होतं का?"

"रस्त्यात काढून कोणाला पाजू?"

"कुत्र्याला पाजायचीस. दुवा तरी दिला असता."

तिने गरम पाण्यात फडकं बुडवून कास शेकायला घेतली. तीन सडांतून दूध आलं. चौथा दगडासारखा झाला होता. त्यातून आधी काहीच आलं नाही, मग दोऱ्यासारखं काहीतरी आलं.

गोठ्याच्या भिंतीला खांदा लावून मुंगी उभी होती. पारख्याची मुलगी, सहा वर्षांची. हे नाव घरच्यांनीच पाडलेलं. ती चालायची ती नेहमी कडेने, भिंत, कुंपण, रस्त्याची कड धरून. मोकळ्या जागेच्या मधून ती कधी गेली नाही. हातात दाव्याचा वीतभर तुकडा असायचा. त्याचं सुटलेलं टोक ती वरच्या ओठावर फिरवत राहायची. बापाकडे तिने बघितलं नाही. गाईकडे बघून ती म्हणाली, "चार दाती, गरीब जनावर, लेकराने धरावं. दात बघा, दात!"

शब्द पारख्याचे, आवाजाचा चढउतार पारख्याचा, शेवटची टाळीसुद्धा त्याचीच. स्वतःचं म्हणून ती फार बोलायची नाही. भूक लागली, भीती वाटली, झोप आली, काहीही झालं तरी हेच म्हणायची. कशासाठी म्हणतेय ते तिच्या आईला कळायचं. येणारे-जाणारे हसायचे आणि पारख्यालाही त्यात कौतुक वाटायचं.

शाळा सुटल्यावर मुंगीच्या वर्गाच्या बाई घरी आल्या. त्या यापूर्वी कधी आल्या नव्हत्या. मुंगीच्या आईने खुर्ची पुसली, चहा ठेवला. पारखी दारात उकिडवा बसला.

"ती वाईट वागत नाही," बाई म्हणाल्या. "आधी हेच सांगते. पण घंटा झाली की कान दाबून पळते. मागच्या खेपेला फाटकाबाहेर गेली. ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून वाचली."

पारख्याने बायकोकडे बघितलं. "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बाजाराला गेला होतात. आलात तेव्हा बैलाच्या औषधपाण्याचं चाललं होतं."

"नावाने हाक मारली तर ओ देत नाही," बाई पुढे म्हणाल्या. "कानाला काही झालेलं नाही, ते मी बघितलंय. मुलं जवळ आली की भिंतीत शिरायला बघते. ऑटिझम असू शकेल, स्वमग्नता म्हणतात त्याला. असेलच असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. पण अशा मुलांना बघणाऱ्या एक मॅडम आहेत, सत्रातून एकदा सगळ्या शाळांत येतात. त्यांनी लिहून दिलं तर मुंगीजवळ बसायला एक मदतनीस मिळेल. मग ती शाळेत टिकेल. नाही मिळाली तर हेडसर म्हणतात, घरी ठेवा. वर्ग भरलेला आहे, मी एकटी आहे. त्यांचंही अगदीच चूक नाही."

"मॅडम येतील तेव्हा आम्ही काय करायचं?" पारख्याने विचारलं.

"काही करायचं नाही. आहे तशी घेऊन या."

पारख्याने मान हलवली. 'आहे तशी आणा' असं म्हणणारी गिऱ्हाइकं त्याने पुष्कळ बघितली होती. शेणाने माखलेलं जनावर समोर उभं केलं की तीच आधी तोंड फिरवायची.

बाजार बंद राहिला. चार जनावरं दावणीला होती आणि ती खात होती. माळावरचं गवत वाळून मुळाशी गेलं होतं. पारखी सकाळी कोयता घेऊन ओढ्याच्या कडेला जायचा, हाताला लागेल तो पाला तोडायचा, भारा डोक्यावर घेऊन यायचा. मानेला काटक्यांचे ओरखडे उठले होते. मग कुट्टीचं यंत्र. त्याचं मोठं लोखंडी चाक तो फिरवायचा आणि आक्का वैरण आत सारायची. चाक फिरायला लागलं की मुंगी येऊन समोर बसायची. ते थांबेपर्यंत हलायची नाही.

इतके दिवस सलग तो घरी कधी नव्हता. त्याने मुलीकडे बघायला सुरुवात केली ती जनावराकडे बघतो तशी, कारण बघण्याची दुसरी रीत त्याला ठाऊक नव्हती. ती कुठे बुजते, कुठे स्थिर होते, काय दिलं की जवळ येते, हे त्याच्या लवकर ध्यानात आलं. आणि मग त्याने ती तयार करायला घेतली.

कुट्टी झाली की तो तिच्यासमोर बसायचा. कपाळाच्या मधोमध कोळशाचा ठिपका लावायचा. "मुंगी, इथे बघ." ती ठिपक्याकडे बघायची. बघितलं की साखरेचा खडा. पुढे त्याने ठिपका पुसला, तरी ती त्याच जागी बघत राहिली. समोरच्याला वाटावं, डोळ्याला डोळा देतेय.

"नाव काय?"

आधी "नाव काय?" असंच परत यायचं. मग एक दिवस नाव आलं. मग बापाचं नाव, शाळेचं नाव. मग चित्राच्या पुस्तकातलं घर, झाड, मांजर. चुकलं तरी तो ओरडायचा नाही. जनावरावर त्याने कधी हात उगारला नव्हता आणि मुलीवर तर नाहीच. तो फक्त थकायचा नाही.

घंटेसाठी त्याने बादली उलटी टांगली. लोखंडी गजाने वाजवायची, आधी हळू, मग जोराने. पहिल्यांदा ती गव्हाणीखाली जाऊन बसली. मग त्याने तिचे कान स्वतःच्या तळव्यांनी झाकले आणि आक्काला बादली वाजवायला सांगितली.

"मी नाही वाजवणार," आक्का म्हणाली.

बायकोने वाजवली. हळूहळू हात कानांवरून खांद्यावर आले. शेवटी मुंगी बादली वाजत असताना जागेवर उभी राहायला लागली. हाताखाली तिचं अंग थरथरायचं, माशी बसली की गाईची कातडी थरथरते तसं. उभी राहतेय ना, पारख्याने मनाशी म्हटलं.

शेजारचा लोहार कोयत्याला धार लावून द्यायला आला होता. तो हे सगळं कुंपणावरून बघत राहिला. "काय रे पारख्या, बाजार बंद तर पोरगी काढलीस होय विकायला?"

पारखी हसला. बायको हसली नाही.

"बाई म्हणाल्या होत्या, काही करू नका," लोहार गेल्यावर ती म्हणाली.

"बाईंना म्हणायला काय जातंय? मॅडम बघायला येणार. काही कमी दिसलं तर हेडसरच्या हातात कोलीत मिळेल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

खरं म्हणजे बायकोलाही बघावंसं वाटत होतं, आपली मुलगी कोणासमोर तरी नीट उभी राहिलेली. तपासणीच्या सकाळी तिने मुंगीला घासून न्हाऊ घातलं, केस ओढून बांधले, इस्त्रीचा झगा घातला. दाव्याचा तुकडा काढून घेतला आणि आपल्या पिशवीच्या तळाशी घातला.

हेडसरांच्या खोलीत मॅडमनी टेबलावर लाकडी ठोकळे मांडले होते. चष्मा, सुती कपडे, शांत आवाज. हेडसर बाजूला बसले होते, बाई भिंतीजवळ उभ्या.

"नाव काय तुझं?"

मुंगीने मॅडमच्या कपाळाच्या मध्यावर नजर ठेवली आणि नाव सांगितलं. बापाचं नाव सांगितलं. घर म्हणाली, झाड म्हणाली, मांजर म्हणाली. ठोकळे एकावर एक ठेवले. मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा बापाचा हात तिच्या खांद्यावर होता. ती उभी राहिली. झग्याची पाठ घामाने भिजून अंगाला चिकटली होती, पण ती बाजू भिंतीकडे होती.

"घरी कशी असते?" मॅडमनी विचारलं.

"गरीब आहे. काही त्रास नाही. सगळं कळतं तिला."

"कशाची भीती वगैरे? काही अडचण?"

"काही खोड नाही," पारखी म्हणाला.

मुंगीच्या आईने तोंड उघडलं आणि मिटलं.

मॅडमनी हेडसरांना सांगितलं की मुलगी जरा लाजाळू आहे, बोलणं वयाच्या मानाने थोडं कमी आहे, पुढच्या सत्रात पुन्हा बघू. आता मदतनीस देण्याइतकं काही दिसत नाही. "तुम्ही चांगलं लक्ष देता," त्या पारख्याला म्हणाल्या. पारख्याची छाती फुगली. इतका चोख माल त्याने आयुष्यात कधी दाखवला नव्हता.

बाई त्याच्या मागोमाग ओसरीत आल्या. "काय केलंत तुम्ही?"

"काय म्हणजे? पास झाली ना?"

"पास झाली म्हणूनच मदतनीस मिळणार नाही. अडचण दिसली असती तर मिळाली असती." बाईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं, असं पारख्याला वाटलं. "मी म्हटलं होतं, आहे तशी आणा."

तो उभा राहिला. त्याच्या सगळ्या आयुष्यात, खोट दाखवून काही मिळतं असा बाजार त्याने बघितला नव्हता.

घरी येईपर्यंत मुंगी नीट चालली. दारातून आत आली, गव्हाणीच्या मागे जाऊन बसली आणि गोठ्याच्या खांबावर डोकं आपटायला लागली. जोरात नाही, पण थांबेना. आईने दाव्याचा तुकडा दिला तर तो फेकला. जेवण ढकललं. "दात बघा, दात, दात बघा, दात," असं घसा बसेपर्यंत चालू राहिलं. रात्री थकून झोपली, उठली आणि पुन्हा तेच. पारख्याने कपाळावर बोट ठेवून "इथे बघ" म्हटलं तेव्हा ती त्याच्यापासून अशी सरकली की त्याने हात खाली घेतला.

आक्काने पोत्याची घडी करून खांब आणि डोकं यांच्या मधे धरली. हात अवघडला की बदलायची. पारखी समोर बसून होता.

"तांबडीचा तो सड गेला," आक्का म्हणाली. "आता ती तीन सडांची गाय."

मुंगी हळूहळू शांत झाली. एवढ्या दिवसांत शिकलेलं सगळं मात्र सांडून गेलं. नाव विचारलं की नुसती ओठावर टोक फिरवायची. आईने तिला शाळेत नेऊन बसवलं. पहिल्याच घंटेला ती पळाली. बाई आणि दोन मोठी मुलं शोधत राहिली. शेवटी ती रस्त्याखालच्या मोरीच्या नळकांड्यात सापडली, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. मोरी कोरडी होती, हे नशीब.

हेडसरांनी पारख्याला बोलावून घेतलं. बसायला सांगितलं, पाणी दिलं. "मॅडम म्हणतात तिला काही नाही. मग ती पळते ती मस्तीने, असंच धरायचं ना? मस्तीखोर मुलासाठी माझ्याकडे माणूस नाही. उद्यापासून घरी ठेवा. राग मानू नका."

घरी आल्यावर त्याने कुट्टीचं चाक विनाकारण फिरवलं. वैरण नव्हती. मुंगी येऊन बसली.

"मॅडमनी विचारलं तेव्हा तू बोलणार होतीस," तो बायकोला म्हणाला.

"हो."

"मग का नाही बोललीस?"

"सौदा चालू असताना मधे बोलायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. लग्न झालं त्याच वर्षी." ती भांडी घासत होती. राखेचा हात तिने कपाळाला पुसला. "मी एका बैलाच्या डाव्या खुराची गोष्ट बोलले होते गिऱ्हाइकासमोर. तुम्ही परत येताना अख्खी वाट माझ्याशी बोलला नव्हतात."

चाकाचा वेग कमी होत थांबला. मुंगी उठून भिंतीकडेने निघून गेली.

मॅडम पुढे कुठल्या शाळेत आहेत ते बाईंनी सांगितलं. बसने जावं लागणार होतं. निघायच्या सकाळी बायकोने विचारलं, "इस्त्रीचा झगा घालू?"

"रोजचा घाल. आणि ते दावं तिच्या हातात राहू दे."

ती शाळा मोठी होती, दगडी ओसरीची. शिपायाने त्यांना ओसरीतच बसवलं. मॅडम आत आहेत, वेळ लागेल. मुंगी भिंतीच्या कोपऱ्यात पाठ घालून बसली. बराच वेळ गेला. शिपाई येता-जाता मुंगीकडे बघायचा आणि पारखी जमिनीकडे.

तेवढ्यात तिथले मुख्याध्यापक बाहेर आले, दोन पावलं पुढे गेले आणि वळले. "अरे, पारखी ना तू?"

पारखी उठून उभा राहिला. त्याने ओळखलं होतं. गेल्या हिवाळ्यात या माणसाला त्याने काळी गाय विकली होती.

"तुझी ती गाय! पहिल्याच दिवशी बादली उलटवली. दुसऱ्या दिवशी आमच्या सासूबाईंना लाथ घातली, बाई महिनाभर अंथरुणात. आणि काय म्हणाला होतास तू? गरीब जनावर..."

"चार दाती, गरीब जनावर, लेकराने धरावं," कोपऱ्यातून आवाज आला. "दात बघा, दात!" आणि टाळी.

शिपाई फस्सकन हसला. मुख्याध्यापकांनाही हसू आवरेना. "वा! पोरगीपण धंद्यात घातलीस!"

हसण्याचा आवाज ऐकून मॅडम दारात आल्या. त्यांनी चष्म्यातून तिघांना बघितलं आणि ओळखलं. "तुम्ही इकडे कसे?"

पारख्याने वाटेत मनाशी जे जुळवलं होतं ते सगळं हरवलं. "मॅडम, तुम्ही बघितलीत ती ही नाही," तो म्हणाला. "म्हणजे हीच. पण मी तयार करून आणली होती. कपाळाकडे बघायला शिकवलं होतं. बादली वाजवून घंटेची सवय केली होती. घरी आल्यावर तिची दैना झाली. ती घंटेला पळते. नावाला ओ देत नाही. परवा मोरीत सापडली."

"त्या दिवशी मी विचारलं होतं," मॅडम म्हणाल्या. " काही खोड नाही, म्हणालात."

"हो."

"आणि आता मदतनीस मिळत नाही म्हटल्यावर..."

"मॅडम, याचं काही खरं धरू नका हं," मुख्याध्यापक मधेच म्हणाले. ते चेष्टेत म्हणाले, पण अर्धंच. "याची जीभ बाजारभावाप्रमाणे फिरते."

ओसरीत शिपाई होता, दोन शिक्षक येऊन उभे राहिले होते. पारख्याच्या बायकोने मान खाली घातली. पारख्याने टोपी काढून हातात घेतली.

"ती काळी गाय मारकी होती," तो मुख्याध्यापकांना म्हणाला. "मला ठाऊक होतं. आधीच्या मालकाने त्याचसाठी विकली होती. तुम्ही आलात त्या दिवशी मी तिला मागून हात लावू दिला नाही, आठवतं का? गवताची पेंढी तिच्या तोंडापुढे मीच धरून उभा होतो."

मुख्याध्यापकांचं हसू गेलं. त्यांना ते आठवलं असावं.

"हे कबूल करून मला काही मिळायचं नाही," पारखी म्हणाला. "उलट बाजार उघडला की हे तिथे जाऊन पोचेल. पण माझ्या शब्दाला किंमत नाही, हे सरांचं खरं आहे. तुम्ही शब्द घेऊच नका, मॅडम. इथली घंटा कधी होते?"

"होईलच आता," शिपाई म्हणाला.

"फाटक तेवढं लावा. कडी घाला."

शिपायाने मॅडमकडे बघितलं. त्यांनी मान हलवल्यावर तो गेला. मुंगीची आई उठून फाटकाला पाठ लावून उभी राहिली. कोणी तिला सांगितलं नव्हतं. पारख्याने दोन्ही हात काखेत घातले आणि मागे सरकून खांबाला टेकला.

घंटा म्हणजे ओसरीत टांगलेली जाड पितळी तबकडी होती. पहिला ठोका पडला आणि मुंगी कोपऱ्यातून उडाली. दोन्ही हात कानांवर, डोळे मिटलेले. भिंतीच्या कडेने ती पळाली, वर्गांतून बाहेर पडणाऱ्या मुलांवर आदळली, वळली, फाटकाकडे गेली, तिथे आई दिसली तरी थांबली नाही, तिला धडकून पुन्हा भिंतीकडे. दावं कुठेतरी पडलं. भिंत संपली तिथे ती खाली बसली आणि डोकं आपटायला लागली.

पारखी जागचा हलला नाही. त्याचे खांदे पुढे झुकले होते आणि काखेतल्या मुठी अशा आवळल्या होत्या की सदरा वर चढला. एरवी एव्हाना तो तिच्याजवळ पोचला असता, कान झाकले असते. आज त्याने बघू दिलं. सगळ्या शाळेला बघू दिलं.

"मुलांना वर्गात घ्या," मॅडम म्हणाल्या. त्या आधीच पायऱ्या उतरल्या होत्या. जाताना त्यांनी आपली ओढणी काढून गुंडाळली आणि मुंगीचं डोकं आणि भिंत यांच्या मधे धरली. मग पारख्याकडे वळून बघितलं. "या ना आता. उभे काय राहिलात?"

तो धावला.

"काय लागतं हिला?"

बायकोने अंगणातून दाव्याचा तुकडा शोधून आणला होता. मॅडमनी तो घेतला. "हातात देऊ नका," पारखी म्हणाला. "जवळ ठेवा. ती घेईल."

तो घ्यायला तिला वेळ लागला. मॅडम तेवढा वेळ धुळीतच बसून राहिल्या, पाय पोटाशी घेऊन, मुंगीसारख्याच.

नंतर खोलीत त्यांनी आईला खुर्ची दिली आणि सगळं तिला विचारलं. ती बोलत राहिली. मुंगी रडते ते कसं ओळखायचं, कुठला कपडा टोचतो, दूध कुठल्या पेल्यातून पिते, 'दात बघा' कधी भुकेचं असतं आणि कधी भीतीचं. पारखी मधे एकदाही बोलला नाही. मॅडम म्हणाल्या की याला नाव काय द्यायचं ते शहरातले डॉक्टर ठरवतील, चिठ्ठी देते, खेपा घालाव्या लागतील. मदतनीस मात्र त्याआधी मिळेल असं बघते. आणि मुख्याध्यापकांना म्हणाल्या, निदान या मुलीच्या बाबतीत तरी या माणसाचं खरं धरा.

"धरलं," मुख्याध्यापक म्हणाले. "गाय परत घेतोस का?"

"घेतो," पारखी म्हणाला. "पण सासूबाईंचं काही करता येणार नाही."

सुट्टीनंतर शाळा उघडली त्या आठवड्यात बाजारही उघडला. पारखी तांबडीला घेऊन निघाला तेव्हा तिची धार काढलेली होती आणि कास हलकी होऊन लोंबत होती. मुंगी रस्त्याच्या कडेने पुढे चालत होती, ओठावर दावं. तो मागे, जनावरांच्या मागे चालतो तसा, हाक न मारता.

शाळेच्या फाटकात मदतनीस उभी होती. तिशीची, ठेंगणी, बाह्या वर केलेली. ती आधी टोपल्या विणायच्या कारखान्यात होती, असं बाईंनी सांगितलं होतं; तिचा स्वतःचा भाऊ मुंगीसारखाच होता, हे तिनेच सांगितलं. ती मुंगीच्या वाटेतून बाजूला झाली आणि भिंत मोकळी सोडली. मुंगी भिंत धरून आत गेली.

"दादा, हिचं मला काय सांगाल?"

पारख्याने वाईटापासून सुरुवात केली. घंटेच्या आधी हिला बाहेर काढा, नंतर नाही. पाठीमागून हात लावू नका. नावाने हाक मारून वाट बघत बसू नका, समोर जाऊन बसा. फाटकाची कडी ती काढू शकते. पळाली तर मोरीत बघा. डोकं आपटायला लागली तर धरू नका, मधे काहीतरी घाला. एकेक खोड त्याने सांगितली, एकही राखली नाही. तांबडी मागे उभी राहून कुंपणाची पानं ओढत होती.

तिने सगळं ऐकून घेतलं. "आणि चांगलं?"

पारख्याने तोंड उघडलं. मरतुकड्या वासराचेही गुण तो अर्धा तास सांगू शकायचा, ते त्याचं पोट होतं. आत भिंतीपाशी मुंगी पोचली होती. शाळेच्या विहिरीवर पाणी ओढायचं चाक उन्हात फिरत होतं, त्याच्यासमोर ती बसली होती आणि चाक बघत होती.

"ते मी नाही सांगणार," तो म्हणाला. "ते तुमचं तुम्ही बघून घ्या."

आणि त्याने गाईला रस्त्याला लावलं.